सहा वर्षं उभी असलेली पद्मिनी सुरू का होत नव्हती

नागपूरच्या बजाजनगरातल्या एका घराच्या पोर्चमध्ये १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी २०१९ च्या दिवाळीपासून उभी होती. मालक काका सत्तरी ओलांडलेले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांनी गाडी चालवणं थांबवलं, पण विकली नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ती सुरू करून घ्यायचं ठरवलं. माझ्याकडे हे प्रकरण आलं तोपर्यंत गाडीत नवी बॅटरी, नवे प्लग आणि नवी कॉइल बसली होती. सेल्फ मारून मारून स्टार्टर तापवून झाला होता. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून झालं होतं, आणि त्या वेळी कार्बमधून जाळासकट फटाका उडाला होता. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं गेलं. चारही सिलिंडर कमी आले, म्हणून निदान ठरलं: पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा, सिलिंडर कोरून मोठे करा, म्हणजे बोअर करा. खर्चाचा आकडा ऐकून काका दोन दिवस गप्पच होते.

मला म्हणाले, "खरं सांग बापा, इंजिन बसलं का?"

त्यांच्या प्रश्नाला वजन होतं. गाडी उभी करताना ती नीट चालत होती, तेल खात नव्हती, धूर सोडत नव्हती. चालत्या इंजिनच्या चारही सिलिंडरच्या रिंगा उभ्या उभ्या एकाच वेळी झिजत नाहीत. रिंग खाचेत चिकटू शकते, सिलिंडरला गंज धरू शकतो, पण हे चारही ठिकाणी सारखं होणं अवघड. म्हणून कॉम्प्रेशनचा आकडा मी खोटा धरला नाही. तो कोणत्या परिस्थितीत घेतला, हे मात्र मला पाहायचं होतं.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती फियाटच्या परवान्यावर बनवली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. पेट्रोल ओढायला इंजिनवरच चालणारा डायफ्रॅमचा पंप, इग्निशन पॉइंट आणि कंडेन्सरचं. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं. या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. एक व्होल्टमीटर, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज आणि नाक एवढ्यावर बहुतेक सगळं कळतं. नाक मी मुद्दाम म्हणतो आहे, कारण या प्रकरणातला पहिला धागा वासानेच सापडला.

चावीला हात न लावता आधी ऑइलची डिपस्टिक काढली. पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. उभ्या गाडीत तेल वाढत नाही. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि पेट्रोलचा उग्र वास. वर्तमानपत्रावर थेंब टाकला तर मधला काळा ठिपका तसाच राहिला आणि भोवती पातळ कडं झपाट्याने पसरलं. इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये पेट्रोल उतरलं होतं, आणि त्याला दोन वाटा होत्या. वरून ओतलेलं पेट्रोल जळलं नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली गेलं. दुसरी वाट पंपाची. त्याचा डायफ्रॅम फाटला की दर झटक्याला थोडं पेट्रोल थेट चेंबरमध्ये जातं. पुढे पंप खोलला तेव्हा रबरी कापड कडक होऊन कडेने चिरलेलं निघालं.

म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन निघाला होता. रिंग आणि भिंत यांच्यातली फट तेलाच्या पातळ थराने बंद होते. तो थर गेला की चांगल्या रिंगाही हवा सोडतात, आणि गेजवर आकडा पडतो. आधीच्या माणसाने मोजलं ते या धुतलेल्या सिलिंडरांवर.

ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले. २०डब्ल्यू-५० भरलं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि या जुन्या इंजिनच्या बेअरिंगला जाड तेल मानवतं. पेट्रोल मिसळलेल्या तेलावर इंजिन चालू झालं असतं, तर त्या आनंदाच्या पहिल्या पाच मिनिटांतच बेअरिंगचं नुकसान झालं असतं. गाडी सुरू झाली नाही हे त्या अर्थाने बरंच झालं.

मग प्लग काढले आणि पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. पूर्ण दोन फेरे, कुठेही अडकलं नाही. मोबाइलला जोडायचा लहान कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या भिंती स्वच्छ होत्या, कारखान्यातल्या तिरप्या रेघाही जागोजागी दिसत होत्या. तिसऱ्यात पिस्टनच्या वर तांबूस गंजाचं हलकं कडं होतं. बोअर करायचं काम हे नव्हतंच. पण तिसराच का, हा प्रश्न तिथेच मनात बसला.

उत्तर गाडीच्या जागेत होतं. पोर्चच्या खिडकीला कूलर लावलेला. नागपूरच्या घरांत मार्च ते जून तो अखंड चालतो, खाली पाणी गळत राहतं आणि त्या बाजूची फरशी चार महिने ओलीच असते. त्यानंतर लगेच पावसाळा. गाडीचं तोंड नेमकं त्या बाजूला. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं तर आत उंदराचं घरटं, आणि तेही कूलरच्या जाळीत भरतात त्या लाकडाच्या किसाचं. फिल्टरचा कागद कुरतडलेला. इंजिन थांबतं तेव्हा काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. इथे तिसऱ्याचा इनलेट, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडा राहिला होता. कार्बोरेटरमधून आलेली दमट हवा सहा वर्षं त्या एका सिलिंडरपर्यंत पोचत राहिली, आणि गंज तिथेच धरला.

कॉम्प्रेशन पुन्हा मोजण्याआधी सेल्फचं पाहणं भाग होतं. इंजिन मंद फिरलं तर गेज कमीच दाखवतो. बॅटरी नवी, स्थिर व्होल्टेज १२.६. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर १०.८. हे चांगलंच. तरी इंजिन आळसावल्यासारखं फिरत होतं. मीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून पुन्हा सेल्फ मारला. मीटरने २.१ व्होल्ट दाखवले. तिथे अर्धा व्होल्टही खपवून घेऊ नये. इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याच्या विणीची अर्थ पट्टी हिरवी पडली होती आणि तिच्या बोल्टखाली गंज होता.

या एका पट्टीमुळे दुहेरी नुकसान होत होतं, आणि तेच आधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. स्टार्टरला १०.८ ऐवजी ८.७ व्होल्ट मिळत होते, म्हणून तो मंद. पण कॉइलचा परतीचा रस्ताही तोच आहे. कॉइलमधून करंट पॉइंटमध्ये जातो, पॉइंटमधून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीत, तिथून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकमधून याच पट्टीने बॅटरीकडे. म्हणजे ठिणगीची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी, नेमक्या त्याच क्षणी कॉइल उपाशी.

पॉइंटनी त्यात भर घातली होती. चावी चालू, पॉइंट मिटलेले, आणि पॉइंटच्या टोकापासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंत मीटर लावला. इथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. जवळजवळ ३ आले. दिसायला पॉइंट बरे होते, पण त्यांच्यावर ऑक्साइडचा राखाडी थर बसला होता. कॉइलचा प्रायमरी रोध ३ ओहम. सगळं ठीक असेल तर १२ व्होल्टला सुमारे ४ अँपिअर करंट वाहतो. या थराने आपला एक ओहमचा अडथळा घातला, आणि सेल्फ मारताना उरलेल्या ८.७ व्होल्टमध्ये करंट सव्वादोनच्या आसपास आला. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ठिणगीला मिळायला हवी त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा मिळत होती. कॉइल नवी घातली काय आणि जुनी ठेवली काय, फरक पडणारच नव्हता.

ठिणगी तपासताना प्लग बाहेर काढून ब्लॉकला टेकवतात आणि चट्चट् दिसली की "करंट आहे" म्हणतात. इथेही आधी तसंच झालं होतं. पण उघड्या हवेत ठिणगी पडायला फार व्होल्टेज लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तेवढंच अंतर ओलांडायला कितीतरी जास्त लागतं. बाहेर दिसणारी फिकट पिवळसर ठिणगी आत गेल्यावर पडेलच याची खात्री नसते.

अर्थ पट्टी नवी केली, तिच्या बोल्टखालची जागा चकचकीत घासली. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून कोरड्या कागदाने पुसले आणि फट ०.४५ मिमीला लावली. पॉइंटवरचा व्होल्टेज ०.१ वर आला. सेल्फचा आवाजच बदलला. घरातून काकू बाहेर आल्या, "सुरू झाली का?" म्हणून. अजून प्लग लावलेलेच नव्हते.

आता कॉम्प्रेशन. चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर इंजिनला हवाच मिळत नाही, हे बरेच जण विसरतात. आकडे आले ७५, ७०, २० आणि ८० पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. १२५, १२०, २०, १३०.

या दोन ओळी म्हणजे संपूर्ण निदान आहे. तीन सिलिंडर तेलाने उठले, म्हणजे गळती रिंगांपाशी होती, आणि ती धुतलेल्या भिंतीमुळे. तिसरा तेलाने तसूभर हलला नाही, म्हणजे तिथली हवा रिंगेवाटे जातच नव्हती. ती व्हॉल्व्हवाटे जात होती. आणि कार्बमधून उडालेला तो फटाका आता सरळ अर्थ सांगत होता. एक्झॉस्ट उघडा राहिला तर आवाज सायलेन्सरमध्ये होतो. इनलेट उघडा राहिला तर जाळ उलटा कार्बमधून येतो.

व्हॉल्व्ह आणि रॉकरवरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढलं. मी पुली फिरवत होतो, माझा मदतनीस वर वाकून पाहत होता. म्हणाला, "भाऊ, तिसऱ्याचा इनलेट वर येऊनच नाही राहिला." रॉकर मोकळा हलत होता, व्हॉल्व्ह खाली दाबलेल्या जागीच अडकला होता. असा व्हॉल्व्ह अडकलेला असताना सेल्फ मारत राहिलं तर पुशरॉड निसटून वाकू शकतो, आणि व्हॉल्व्ह फार खाली असेल तर पिस्टन त्याला धडकतो. पुशरॉड काढून काचेवर लोळवून पाहिला, सरळ होता. हे नशीब.

व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी पिस्टन खाली नेऊन ठेवला, म्हणजे व्हॉल्व्हला खाली हलायला जागा राहील. मग प्लास्टिकच्या हातोडीने स्प्रिंगच्या टोपीवर अगदी हलके ठोके दिले. एकाच ठोक्यात तो मोकळा होत नाही. थोडा खाली, स्प्रिंगने थोडा वर, पुन्हा तेल, पुन्हा ठोका. दुपारपर्यंत तो पूर्ण वर यायला लागला. तिसऱ्याचं कॉम्प्रेशन ९५ आलं. सीटवर अजून गंजाची खर असणार, पण इंजिन चालल्यावर ती बरीचशी आपोआप घासली जाते. हेड उतरवायची घाई करायचं कारण नव्हतं.

पेट्रोलचं काम ओळखीचं होतं, तरी त्यात एक गोष्ट या हवेची आहे. टाकीतलं पेट्रोल तपकिरी झालेलं, वास जुन्या वार्निशसारखा. थंड इंजिन पेटायला पेट्रोलमधले लवकर उडून जाणारे हलके घटक लागतात, आणि नागपूरच्या सहा उन्हाळ्यांत ते कधीच उडून गेले होते. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं तर खाली बोटभर गढूळ थर वेगळा बसला. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जातात. इंजिनची नळी ओढते ती तळापासूनच. काका गाडी चालवत होते तेव्हाच पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल असायचं. देशाने २०२२ मध्ये दहा टक्क्यांचं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचं मिश्रण गाठलं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते आता बदलायलाच हवेत, गाडी चालू असो की उभी.

सोलेक्स कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पांढरी भुकटी आणि मेन जेटमध्ये डिंकासारखा थर होता. जेट तारेने कोरू नये, त्याचं भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेच्या दाबाने तो मोकळा झाला. पंपाच्या डायफ्रॅमचा किट मुंबईहून मागवला. तिथल्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. टाकीतून काढलेलं जुनं पेट्रोल नालीत ओतायचं नाही, हेही इथे सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती सखल जागी साठून राहते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. पोर्चच्या कोपऱ्यात काकूंचा देवघराचा दिवा लागतो, म्हणून टाकीचं सगळं काम गाडी ढकलून अंगणात नेऊन, अग्निशामक जवळ ठेवून केलं.

पहिल्यांदा सुरू करताना गाडीची टाकी वापरलीच नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये ताजं पेट्रोल घेऊन पंपाला नळी जोडली. प्लग काढलेले ठेवून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. मग प्लग लावले, चोक ओढला. इंजिन धरलं, थोडं अडखळलं, सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा निळा धूर निघाला आणि काही वेळात विरळ झाला. काकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पण प्रकरण इथे संपलं नाही. टाकी साफ करून जोडली, आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालून बंद पडू लागली. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेवढीच चालून बंद. कॅनवर मात्र तासभर चालत होती. म्हणजे इग्निशन, पंप आणि कार्ब तिघेही निर्दोष. दोष टाकी आणि पंपाच्या मध्ये. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला. टाकीत पेट्रोल कमी होत जातं तशी बाहेरून हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आत निर्वात तयार होतो आणि पंपाची ओढ कमी पडते. टाकीच्या हवेच्या बारीक नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पोर्चमधल्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर, मीटरच्या डब्यावर तिची घरं होतीच. तार घालून माती काढली, नळी फुंकून पाहिली आणि तोंडाला बारीक जाळी बांधली. त्यानंतर गाडी बंद पडलेली नाही.

काही दिवस अंगणात रोज थोडी चालवल्यानंतर गरम इंजिनवर पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं: १३०, १२५, ११५, १३०. तिसरा अजून थोडा मागे आहे, पण सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात बारा टक्क्यांच्या आतला फरक मी या वयाच्या इंजिनला मान्य करतो. बोअरचा विषय काकांनी स्वतःच मिटवला. तिसऱ्याचा आकडा महिन्याभरात खाली गेला तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासावे लागतील, हे त्यांना सांगून ठेवलं आहे.

गाडी अजून रस्त्यावर काढलेली नाही. ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर गळतात, मास्टर सिलिंडरचे रबर फुगलेले आहेत, टायर वरून बरे दिसले तरी बाजूने तडकले आहेत. नोंदणीचं नूतनीकरणही बाकी आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेजचे वेगळे नियम आले, पण १९९२ ची ही गाडी त्यात बसत नाही. तिला नेहमीप्रमाणे आरटीओत तपासणीला न्यावं लागेल. ब्रेकचं सामान आलं आहे. ते बसल्याशिवाय चावी कोणाला द्यायची नाही, हे काकांनीच घरात बजावलं आहे, आणि खिडकीचा कूलर या उन्हाळ्यात मागच्या बाजूला लागणार आहे.